फाळक्यावरचा चेहरा

दार्सिनाच्या आईनं जन्मभर कापडाला भोकं पाडली. इंद्रमायू गावच्या बाटिकमध्ये, म्हणजे मेण लावून रंगवायच्या कापडात, हे काम बायकांचंच. मेण चढवलेल्या कापडावर सुयांच्या फणीनं टोचत जायचं, मग कापड रंगात बुडवलं की भोकाभोकातून रंग शिरतो आणि फुलापानांभोवती ठिपक्यांचा धुरळा उठतो. आईच्या हातचं काम दार्सिनाच्या हातात आलं, पण आईचा शांतपणा काही आला नाही. बाटिकवाल्या मालकिणीनं एकदा तिच्या कामाला नावं ठेवली, तेव्हा हिनं ती फणी मालकिणीच्या टेबलात मुठीपर्यंत रोवली आणि चालती झाली. फणी उपसायला दोन माणसं लागली असं गावात सांगत. दार्सिना म्हणे, "दोन कुठली? एकच होता. पण रडत होता."

तिथून ती आली तारमिदीच्या कारखान्यात. उत्तर किनाऱ्याच्या मोठ्या रस्त्याला लागूनच पत्र्याची शेड, आत एक कॉम्प्रेसर, आणि दारात रंगासाठी ताटकळलेले ट्रक. तारमिदी एअरब्रशचा राजा होता. वाघ, सिनेमातल्या नट्या, ड्रायव्हरांची तान्ही पोरं, सगळं तो ट्रकच्या मागच्या फाळक्यावर असं उतरवी की मागून येणारा गाडी हळू करून बघत राही. पण त्याची एक अडचण होती. कागदावर झकास उतरलेलं चित्र फाळक्यावर मोठं काढताना वाकडं होई. नाक एकीकडं जाई, डोळा दुसरीकडं.

"चार ठिपके चुकले की नटीची सासू होते," दार्सिना पहिल्याच दिवशी म्हणाली. थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्याला कांग म्हणे. "कांग तारमिदी, तू कागदावर काढ. फाळक्यावर मी नेऊन देते."

आणि तिनं नेऊन दिलं. फाळक्याच्या मापाच्या खाकी कागदावर तारमिदी चित्र काढायचा. त्याच्याखाली दुसरा कोरा कागद, त्याखाली जाडं घोंगडं, आणि वरून दार्सिना रेघेरेघेनं सुई मारत जायची. डोळ्यांच्या कडांना भोकं दाट, गालावर विरळ. मग पाठ पॉलिश पेपरनं हलकी घासायची, म्हणजे भोकांचे उचललेले काठ निघून जातात. खालचा कोरा कागदही आपोआप टोचला जाई; तो म्हणजे खाका. खाका फाळक्यावर चिकटवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापत जायची. कागद उचलला की रंग दिलेल्या पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांचं तोंड आपल्याकडं बघत असे. त्यावर तारमिदी पिचकारी मारायचा. फुंकर मारली तरी उडेल असं ते ठिपक्यांचं तोंड, पण सगळं चित्र त्याच्यावर उभं असे.

चार्किम हा ट्रक ड्रायव्हर तिला इथंच भेटला. त्याचा फाळका कधी पुरा होईचना. आधी वाघ काढवला, मग वाघाला शेपूट लहान पडली म्हणून आला, मग वाघ नकोच म्हणाला.

"मग काय काढू?" तारमिदीनं विचारलं.

"हिचं तोंड काढ."

दार्सिनानं मान वर न करता म्हटलं, "म्हणजे रस्ताभर माझ्या तोंडावर चिखल उडवणार? लग्न करायचं असेल तर माझ्या मिमीला येऊन विचार. पत्र्याला काय विचारतोस?"

तो मिमीला, म्हणजे तिच्या आईला, येऊन विचारून गेला. लग्न झालं. संसार हसतखेळत चालला आणि भांडतही चालला. दार्सिना ताट फेकी, चार्किम ते हवेत झेलून "अजून भात आहे का?" विचारी.

कांद्याच्या हंगामात तो पूर्वेकडून कांदा भरून राजधानीकडं नेत असे. त्या खेपेला दार्सिनाही बरोबर होती, बहिणीला मूल झालं म्हणून बघायला गेली होती. येताना वाटेत एका पुलाचं काम चाललं होतं. एकच बाजू मोकळी, ट्रकांची रांग गोगलगायीसारखी सरकत होती. दुपारची नमाज नुकती झाली होती. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना.

अशा जागी चोर ट्रकवर चढतात, हे त्या रस्त्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तोंडाला फडकं बांधायचं, मागून चढायचं, ताडपत्री फाडायची आणि पोती खाली पळणाऱ्या साथीदारांकडं टाकायची. ड्रायव्हर आरशात बघतात आणि गप्प बसतात. पोतं गेलं तर मालकाचं, जीव गेला तर आपला.

चार्किमनं आरशात बघितलं. दोन पोती गेली, तिसरं गेलं.

"जाऊ दे," दार्सिना म्हणाली.

"रोज जाऊ दे, रोज जाऊ दे. किती दिवस जाऊ द्यायचं?" असं म्हणून त्यानं दार उघडलं. तिनं त्याचा शर्ट धरला, तो टर्रकन फाटला.

चार्किमनं वरच्या माणसाचा पाय धरून त्याला खाली ओढलं. दोघं रस्त्यावर पडले. चार्किमनं त्याच्या तोंडावरचं फडकं ओढून काढलं आणि मुठीत धरलं. तो माणूस उठला, कमरेचा कोयता काढला आणि मानेवर घातला. चार्किम गुडघ्यावर आला. दुसरा घाव खांद्यात बसला, तो निघता निघेना, तेव्हा त्यानं चार्किमच्या छातीवर पाय देऊन कोयता उपसला. दार्सिना केबिनच्या पायरीवर उभी राहून ओरडत होती, पण आपला आवाज तिला ऐकू येत नव्हता. तो माणूस पळाला नाही. खाली बसला आणि चार्किमच्या मुठीतून आपलं फडकं सोडवू लागला. मूठ सुटत नव्हती. त्यानं एकेक बोट उलटं वाकवलं. दोन बोटं मोडल्याचं तिनं ऐकलं. मग त्यानं मान डावीकडं वळवून वर तिच्याकडं पाहिलं, कुणी रस्त्यापलीकडचं कुत्रं बघावं तसं. फडकं झटकलं आणि पुलाखाली उतरून गेला.

मागं ट्रकांची रांग होती. सगळ्यांनी काचा वर केल्या होत्या. दार्सिना एकेका ट्रककडं धावली, रक्तानं भरलेल्या हातांनी काचा बडवत सुटली. "उतरा! अरे उतरा रे, कुणीतरी उतरा!" काचांवर तिच्या पंजांचे छाप उठले. कुणी उतरलं नाही. चार्किम तिथंच, कांद्याच्या वासात, मातीत तोंड घालून गेला.

चौकीवर तिला विचारलं, चेहरा कसा होता? तिनं सांगितलं. लिहून घेणारा म्हणाला, "बाई, असे चेहरे मला इथं बसल्या बसल्या वीस दिसतात."

सातव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर ती कारखान्यात येऊन बसली. तारमिदीनं पाणी दिलं. तिनं ते ढकललं.

"कांग, कागद घे. मी सांगते, तू काढ."

तारमिदीनं काढलं. तिनं फाडलं. पुन्हा काढलं, पुन्हा फाडलं. तोंड डावीकडं वळलेलं, जबडा रुंद, कान डोक्याला चिकटलेले बारके, डावी भुवई मधोमध तुटलेली, हे सगळं जमलं, पण तोंड त्याचं होईना.

"डोळे रागीट काढतोस तू," ती शेवटी म्हणाली. "रागीट नव्हते. कंटाळलेले होते. माणूस मारताना त्याला कंटाळा आला होता."

तारमिदीनं पापण्या जरा खाली ओढल्या. दार्सिना एकदम मागं सरकली, भिंतीला टेकली आणि ओकली. मग तोंड पुसून सुई घेतली. त्या दिवशी ती टोचत होती तेव्हा सुई कागदातून, घोंगड्यातून थेट लाकडात जात होती. तारमिदी बाहेर जाऊन उभा राहिला.

तो चेहरा लावून घ्यायला पहिला आला वास्त्रा. धिप्पाड गडी, सगळ्या रस्त्यावर त्याचा दरारा. त्या दिवशी चार्किमच्या मागोमाग त्याचाच ट्रक होता. तो बराच वेळ दारात उभा राहून लवंगेची सिगारेट ओढत होता.

"यायू," तो म्हणाला. वयानं तो थोरला, तरी तिला थोरली बहीण म्हणाला. "काच धुतली मी. तुझे हात होते त्यावर. धुतली, पण जात नाहीत."

"मग काय करू? पुन्हा लावू?"

"माझ्या फाळक्यावर त्याचं तोंड काढ. मी फिरवतो. सापडेल."

फाळक्यावर ते तोंड आलं आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'हा अजून मोकळा आहे.' मग दुसरा ट्रक आला, मग तिसरा. त्या दिवशी काच वर करून बसलेले, न बसलेले, सगळेच येऊ लागले. खाका एकच, पुरचुंडी थापली की तेच तोंड पुन्हा उभं. तारमिदीनं कुणाकडून काही घेतलं नाही. महिन्याभरात राजधानीपासून पार पूर्वेकडच्या साखर कारखान्यांपर्यंत तो माणूस ट्रकांच्या पाठीवर बसून हिंडू लागला. पोरं त्याच्यावर दगड मारत.

त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. एका सकाळी मोटारसायकलींवरून चौघं आले, हेल्मेटं न काढताच आत शिरले. आधी कॉम्प्रेसर फोडला. तारमिदी आडवा गेला तर त्याला लाथांनी तुडवला. दार्सिनानं रंगाचा डबा एकाच्या डोक्यात घातला, त्यानं तिचे केस धरून तिचं तोंड खांबावर आपटलं. पुढचा दात तिच्या जिभेवर पडला.

"कुठल्या हातानं काढतोस?" एकानं तारमिदीला विचारलं.

तारमिदीनं दोन्ही हात पोटाशी आवळले. त्यांनी त्याचा उजवा हात चाकाच्या लोखंडी रिमवर ठेवला आणि टॉमीनं ठेचला. जॅक फिरवायचा तो लोखंडी दांडा, त्याच्याच कारखान्यातला. तारमिदी एकदाच किंचाळला, पुढं नुसताच श्वास ओढत राहिला. त्यांनी मूळ चित्र जाळलं, भिंतीवरचे सगळे कागद जाळले. खाका कोपऱ्यात पडला होता. त्यांना तो कोळशानं मळलेला रद्दी कागद वाटला. एकानं त्याला हात पुसले आणि फेकून दिला.

ते गेल्यावर दार्सिनानं तोंडातलं रक्त थुंकलं, तारमिदीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि परत येऊन तो खाका उचलला. तारमिदीचा हात गेला म्हणून ती थांबणार नव्हती. शेजारच्या जिल्ह्यात एक रंगारी होता, त्याच्याकडं तिनं खाका पाठवून दिला. "हवे तेवढे काढ," असा निरोप धाडला. तो रंगारी हौशी माणूस. त्याला वाटलं, तोंड उजवीकडं वळलेलं असेल तर फाळक्यावर जास्त शोभेल. त्यानं खाका उलटा लावला. भोकं काय, दोन्ही बाजूंनी सारखीच. पूड पडली, तोंड उजवीकडं वळलं, आणि तुटलेली भुवईही डावीकडून उजवीकडं गेली. असे कितीतरी ट्रक बाहेर पडले. दार्सिनाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

एके दिवशी एक पोरगा मोटारसायकल दामटत आला. "सापडला! वास्त्रानं धरलाय! ट्रकतळावर बांधून ठेवलाय, तुमची वाट बघतायत!"

दार्सिनानं कागद कापायची सुरी उचलली आणि मागं बसली. पुढं तिनं कधीच लपवलं नाही की त्या वाटेवर ती आनंदात होती. चार्किम गेल्यापासून पहिल्यांदा तिला भूक लागली होती. कुठं पहिली सुरी घालायची, हे ती ठरवत होती.

ट्रकतळावर दोनअडीचशे माणसांचा घोळका होता. मधोमध एक माणूस ट्रकच्या चाकाला बांधलेला. तोंड सुजून भोपळा झालेलं, एका डोळ्याच्या जागी नुसता लाल चिखल. आजूबाजूला बदकाच्या खाऱ्या अंड्यांची निळसर टरफलं आणि पिवळा चेंदा पसरला होता. त्याच्या गळ्यात कुणी टायर घातला होता, आणि वास्त्रा पेट्रोलचा कॅन घेऊन उभा होता.

"ये यायू," वास्त्रा म्हणाला. "पहिला हात तुझा."

ती वाकली. सुरी त्याच्या पोटाला लावली. मग, बघावं तरी म्हणून, दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावरचं रक्त पुसलं. डावी भुवई सलग होती. तुटलेली होती ती उजवी, तीही जुन्या जखमेच्या वळानं. कान मोठे, सुटे. त्या माणसाच्या उरलेल्या डोळ्यात कंटाळा नव्हता. तो लहान पोरासारखा रडत होता.

तिनं मान वर केली तर समोरच एका ट्रकचा फाळका. तोंड उजवीकडं वळलेलं.

"हा नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हा नाही रे! ते चित्र उलटं आहे! भुवई डावी होती, डावी!"

"रक्त बघून कचरली बाई," मागून कुणी म्हणालं. "बाजूला घ्या तिला."

"चित्रात हाच आहे की!"

"चित्र मी टोचलंय!" ती किंचाळली. "मी टोचलंय, मला विचारा!"

कोण ऐकतो? एक टॉमी उठली. दार्सिनानं स्वतःला त्या माणसावर टाकलं आणि टॉमी तिच्या खांद्यावर बसली. गळ्याखालचं हाड मोडलं. पुन्हा एक दणका पाठीत. पेट्रोलचा थंड ओघळ तिच्या मानेवरून गेला. वास्त्रानं तिला उचलायला हात घातला तेव्हा तिनं सुरी फिरवली आणि त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत उभा फाडला. तो मागं कोलमडला. सगळे क्षणभर थबकले.

"उतरायचं होतं तेव्हा उतरला नाहीस," ती पडल्या जागेवरूनच म्हणाली. "माझा नवरा मरत होता तेव्हा काच वर केलीस. आणि आज उतरलास तो या अंडेवाल्यावर? ओत ना. ओत पेट्रोल. आम्हा दोघांवर ओत."

वास्त्रा आपल्या हातातून गळणाऱ्या रक्ताकडं बघत राहिला. मग त्यानं कॅन लाथेनं उडवला आणि खाली बसला. तो बसला तसे बाकीचे एकेक करून पांगले. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं.

अंडेवाल्याचं नाव सारकिम. तो जगला, पण एक डोळा गेला आणि एका कानानं ऐकू येईनासं झालं. त्याची बायको कुनिती दवाखान्यात धावत आली, तेव्हा दार्सिना गळ्याशी पट्टी बांधून दारातच बसली होती. कुनितीनं विचारलं, "ते चित्र काढणारी तूच ना?" दार्सिनानं मान हलवली. कुनितीनं तिच्या एक सणसणीत ठेवून दिली, मग दुसरी, मग चप्पल काढली. दार्सिनानं हात वर केला नाही.

"तुझा नवरा मेला," कुनिती धापा टाकत म्हणाली, "म्हणून माझा अर्धा करून दिलास होय गं?"

दार्सिना घरी गेली नाही. त्या रंगाऱ्याकडं गेली, खाका मागून घेतला आणि त्याच्या दारातच पेटवला. मग थिनरचे डबे आणि पॉलिश पेपर घेऊन रस्त्याला लागली. गाडी चालवायला वास्त्रा होता, हाताला टाके घातलेला. त्यानं विचारलं नाही, तिनं बोलावलं नाही. तो आला.

पुसणं हे काढण्यापेक्षा अवघड निघालं. ड्रायव्हर ऐकेनात. "आधी काढलंत कशाला?" "मी नाही पुसू देणार, पोलिसांनी पैसे चारले वाटतं तुला?" एकानं तिला डब्यासकट गटारात ढकललं. ती उठली, डबा उचलला आणि त्याच फाळक्यापाशी परत आली. तोंडाला रंगाऱ्याचा जाड मास्क, डोक्याला फडकं, एक हात गळ्यात, दुसऱ्या हातानं घासणं. आधी डोळे पुसायची, कारण ते तिच्याकडं बघत.

असंच एकदा कांद्याच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत ती शिडीवर उभी होती. वास्त्रा कॉफी प्यायला गेला होता. झाडाखाली हमाल भात आणि सोयाबीनच्या टेम्पेच्या तळलेल्या वड्या खात बसले होते. त्यांतला एक पान चाटून पुसून उठला, तिच्यामागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नीट पुसा बाई. भुवई राहिली."

तिनं वळून पाहिलं. रुंद जबडा. डोक्याला चिकटलेले कान. डावी भुवई मधोमध तुटलेली. आणि ते डोळे.

तिनं मास्क वर ओढला. त्यानं तिला ओळखलं नव्हतं.

"कोण होता हा?" त्यानं दात कोरत विचारलं. "पकडला म्हणे त्याला."

"पकडला."

"मेला का?"

"नाही. डोळा गेला एक."

"हात्तिच्या! तेवढ्यावरच भागलं?" तो हसला.

"दादा," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं. "जरा डबा वर धरता का? माझा एक हात मोडलाय."

त्यानं थिनरचा उघडा डबा दोन्ही हातांनी छातीपुढं धरला. तिनं शिडीवरून सगळा जोर लावून डब्याला खालून लाथ मारली. थिनर त्याच्या डोळ्यांत, नाकात, तोंडात गेलं. तो बैलासारखा ओरडला. तिनं उडी टाकली. त्यानं आंधळ्यानंच कमरेचा सुरा काढला आणि फिरवला, तो तिच्या मांडीत गेला. तिला तेव्हा काही जाणवलं नाही. ट्रकच्या पायरीवर टॉमी होती. तिनं ती एका हातानं उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो पडला. तिनं सुऱ्याच्या हातावर घातली. मग बरगड्यांवर. मग पुन्हा गुडघ्यावर.

हमाल, ड्रायव्हर धावत आले. वास्त्रा सगळ्यांना ढकलत पुढं आला.

"कोण आहे?"

"हा," ती म्हणाली.

"यायू, नक्की?"

तिनं मास्क ओढून काढला आणि त्या माणसाच्या तोंडाशी वाकली. "पुलावर माझ्या नवऱ्याची बोटं मोडलीस. कशाला मोडलीस? मेला होता ना तो?"

"फडकं सोडत नव्हता भडवा!" तो वेदनेनं गुरगुरला. "मेला तरी सोडत नव्हता!"

ते फडक्याचं दार्सिनानं कुणाला सांगितलं नव्हतं. चौकीतही नाही. वास्त्राचं तोंड पांढरं पडलं. गर्दीतून कुणी ओरडलं, "टायर आणा रे!" दार्सिनानं टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, मोडक्या हाडाचं तिला भानही नव्हतं. आणि तेव्हाच तिचा पाय मुडपला. मांडीतून रक्ताची धार लागली होती, चप्पल भरून वाहत होती. ती त्या माणसाशेजारीच बसकण मारून बसली आणि टॉमी हातातून घरंगळली.

वास्त्रा दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. त्यानं टॉमी उचलली आणि गर्दीकडं तोंड केलं.

"टायर ज्यानं आणला त्याच्याच गळ्यात घालीन," तो म्हणाला. "एकदा झालं तेवढं बस झालं. दोर आणा. आणि कुणीतरी हिच्या पायाला बांधा आधी, मुडद्यांनो, बघताय काय?"

त्या माणसाचं नाव दुलगनी. त्याला जिवंत पोलिसांच्या हवाली केलं. न्यायालयात त्यानं साथीदारांची नावं सांगितली, हात ठेचणारेही त्यात निघाले. सगळे लांबच्या शिक्षेवर गेले. दुलगनीचा गुडघा कायमचा आखडला. दार्सिनाला लोक म्हणत, मोठ्या मनाची बाई, हातात आलेला खुनी सोडला. ती हे ऐकून घेत नसे. "पाय मुडपला नसता तर डोकं फोडलं असतं मी त्याचं," ती सांगे. "मन बिन काही आडवं आलं नाही. रक्त कमी पडलं."

निकालाच्या दिवशी ती घरी आली, चार्किमचा फाटलेला शर्ट शिवायला घेतला, आणि शिवता शिवता गुरासारखी रडली. इतके दिवस तिला रडायला सवडच झाली नव्हती. पुलाचं काम संपलं. पुढं दुसऱ्या एका पुलाचं निघालं, आणि तिथं दुसरे चोर चढू लागले.

तारमिदीच्या बोटांची मूठ पुन्हा कधी वळली नाही. तो डाव्या हातानं चित्रं काढायला शिकला आणि एअरब्रश दार्सिनानं घेतला. पहिल्या पहिल्यांदा तिच्या वाघांना सर्दी झाल्यासारखी नाकं येत. "चार ठिपके चुकले की," तारमिदी सुरू करी, आणि ती पिचकारी त्याच्यावर रोखी. खऱ्या माणसाचं तोंड काढायचं असेल तर तो माणूस समोर स्टुलावर बसला पाहिजे, असा तिनं नियम केला. मेलेल्याचं असेल तर त्याच्या घरच्यांनी बसायचं, आणि खाक्याच्या सरळ बाजूला ती आधी आपल्या नावाचं अक्षर घाली, म्हणजे कुणी उलटा लावला तर लगेच कळावं.

सारकिम पुन्हा अंडी विकू लागला, आता टोपली घेऊन फिरत नव्हता, घराच्या पडवीतच बसे. दर ईदला दार्सिना केळीच्या पानात बांधलेला भात आणि कोंबडी घेऊन त्यांच्याकडं जाई. सारकिम तिला बस म्हणे. कुनिती दार लावून घेई. दार्सिना डबा उंबऱ्यावर ठेवून परत फिरे, आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच, मुंग्या लागलेला, कारखान्याच्या दारात येऊन पडलेला असे.

मग एका ईदला कुनितीनं दार लावलं नाही. ती उंबऱ्यात आली, डबा घेतला, आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा डबा धुतलेला होता आणि आत चार खारी अंडी होती. ती दार्सिनाच्या हातात डबा देताना तिच्याकडं न बघता म्हणाली, "माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत," दार्सिना म्हणाली.

"अंडी फोडू नकोस वाटेत. नीट धर."

दार्सिनानं डबा दोन्ही हातांनी धरला आणि लंगडत रस्त्याला लागली.